करवत मंदावली तर मोटर सोडवायची घाई नको



कोकणात आंब्याच्या पेट्या बनवणारे बायकांचे गट आहेत. फळ्या मापात कापायला टेबलावरची विजेची गोल करवत असते. ऐन हंगामात ती मंदावते. दिवसाच्या पेट्या निम्म्यावर येतात, बागायतदार खोळंबतो आणि कोणीतरी सांगतं, "मोटर गेली, भरायला टाका." गटाचे हजारो रुपये आणि हंगामातले चार दिवस असेच जातात. पुष्कळदा मोटर धडधाकट असते, दुखणं दुसरीकडेच असतं. ते शोधायचं कसं, ते आज बघू.

पहिली परीक्षा अगदी सोपी आहे. टेबलावर फळी न ठेवता करवत नुसतीच चालवा. रिकामी असताना ती नेहमीसारखी पळते आणि फळी लागली की दमते, असं असेल तर दोष बहुधा पात्यात, पट्ट्यात किंवा ओल्या लाकडात आहे. रिकामीच रडतखडत चालत असेल, तर वीज, बेअरिंग किंवा मोटरकडे बघायचं.

आता पात्याकडे वळू. हात लावायच्या आधी मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून आपल्याजवळ ठेवा आणि पातं पूर्ण थांबू द्या. धार गेली की कापलेली कड काळी पडते, जळका वास येतो, भुसा पिठासारखा बारीक पडतो आणि फळी जोर लावून ढकलावी लागते. तो सगळा जोर मोटरवर येतो. दातांच्या बाजूला लाकडाची राळ चिकटली असेल, तर रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि पातं कोरडं झाल्याशिवाय यंत्र सुरू करू नका. साध्या पोलादी पात्याचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात. ते सरळ झाले की पातं लाकडात अडकतं, म्हणून धार लावायला देताना ही वाकणही करून घ्या. दुसरं पातं जवळ ठेवलं तर काम थांबत नाही. पातं बसवताना टेबलाच्या वर आलेल्या दातांची टोकं कापणारीच्या दिशेने हवीत. उलटं बसलं तर कापणार नाही, नुसतं घासेल.

मग पट्टा. फळी लागल्यावर मोटरचा आवाज तसाच राहतो आणि पातं मात्र मंदावतं, तर पट्टा घसरतोय. किंचाळल्यासारखा आवाज आणि रबराचा वास, या त्याच्या खुणा. वीज बंद करून दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबा. दोन फुटांच्या अंतरात साधारण अर्धा इंच दबला तर ठीक. जास्त दबला तर मोटर सरकवून ताण द्या. फार ताणलात तर बेअरिंग खराब होतील. जोडपट्टे असतील तर दोन्ही एकदम बदला. नवा-जुना एकत्र चालवला की सगळा भार एकावरच पडतो. पट्टा काढलेलाच असेल तेव्हा पात्याचा दांडा पुलीला धरून हाताने फिरवा. तो मऊ फिरला पाहिजे. खरखरला तर बेअरिंग बघून घ्या.

आता वीज. घरगुती वीज २३० व्होल्टची. ती १८० वर आली, तर मोटरची ओढ साधारण साठ टक्क्यांवर येते. आणि दाब मीटरपाशी ठीक असला, तरी शेडपर्यंत पोहोचेलच असं नाही. समजा, शेड ४० मीटरवर आहे आणि मोटर दोन हॉर्सपॉवरची आहे. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत चालू मोटरला दहा-बारा व्होल्ट गळतात, पण सुरू होताना मोटर पाच-सहा पट वीज ओढते आणि पन्नासच्या वर गळतात. म्हणून ती उठतच नाही. चार चौरस मिलिमीटरची तार घातली तर ही गळती निम्म्याहून कमी होते. वायरमनला सांगा, "दाब मोटरपाशी मोजा, आणि करवत फळी कापत असताना मोजा." मीटरपाशीच दाब कमी असेल तर वीज कंपनीकडे लेखी तक्रार द्या.

मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तर लगेच बंद करा. पातं हाताने ढकलून चालू करायचा प्रयत्न कधीही करू नका. सिंगल फेज मोटरचा कपॅसिटर, म्हणजे आपला कंडेन्सर, गेलेला असू शकतो. मोटर भरण्यापेक्षा तो बदलणं खूप स्वस्त. पण बंद केल्यावरही त्यात वीज साठून राहते, म्हणून ते काम वायरमनचंच. थ्री फेज मोटर गुणगुणून तापत असेल, तर एक फेज गेलेला असतो. लाइनच्या दुरुस्तीनंतर पातं उलटं फिरायला लागलं, तर वायरमन दोन तारांची अदलाबदल करून देतो.

मंद करवत धोक्याची असते, कारण आपण जास्त जोर लावतो आणि हात सटकतो. पात्यावरचं झाकण काढू नका. शेवटचा तुकडा हाताने न ढकलता काठीने ढकला. पदर खोचा, ओढणी आणि बांगड्या काढून ठेवा, मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत घ्या. हातमोजे घालू नका, ते पात्यात ओढले जातात.

एक लक्षात ठेवा. हे सगळं चिरलेल्या फळ्या कापण्याबद्दल आहे. ओंडके चिरायच्या आरागिरणीला वनविभागाचा परवाना लागतो. तुमच्या यंत्राला काय लागू होतं, ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या.

गटाच्या हिशेबाच्या वहीत एक पान यंत्रासाठी ठेवा. धार कधी लावली, पट्टा कधी बदलला, दाब किती भरला, सगळं तारखेसह लिहा. मेकॅनिक आला की ते पान त्याच्यापुढे धरा आणि काय काय तपासून झालंय ते सांगा. मोटर भरायलाच हवी असं तो म्हणाला, तर का, तेही त्याला विचारा.