वेगाला आवर : तंजावरचा रथ आणि मोटारीचा ब्रेक

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तंजावरवर भोसले घराण्याची सत्ता होती. या नगरीतील बृहदीश्वर मंदिराचा रथ सुमारे शंभर वर्षांच्या खंडानंतर २०१५ साली पुन्हा चारही राजवीथींतून निघाला. रथाला तमिळमध्ये ‘तेर’ म्हणतात. तो ओढावयास शेकडो हात लागतात, हे सर्वांच्याच डोळ्यांत भरते. परंतु त्याहून जोखमीचे काम करणारी माणसे चाकांशेजारी चालत असतात, हे सहसा ध्यानात येत नाही. त्यांच्या हाती लाकडाची भक्कम पाचर असते. रथ थांबवावयाचा अथवा वळवावयाचा झाला, की ती नेमक्या क्षणी चाकाखाली सारावयाची. या पाचरीला तमिळमध्ये ‘मुट्टुक्कट्टै’ असे नाव असून त्याच शब्दाचा दुसरा रूढ अर्थ ‘अडथळा’ असा आहे. महाराष्ट्रात जळगावचा श्रीराम रथोत्सव १८७२ पासून चालत आला आहे. तेथे हीच वस्तू ‘मोगरी’ म्हणून ओळखली जाते.

मोगरी हा ब्रेकचाच एक आद्य प्रकार होय. परंतु ती सारणाऱ्याचे हात आणि पाय चाकाच्या वाटेतच असतात, आणि एका क्षणाची चूक प्राणावर बेतू शकते. म्हणूनच तिरुचिरापल्ली येथील भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्याने तमिळनाडूतील अनेक मंदिरांच्या रथांना लोखंडी चाके व हायड्रॉलिक ब्रेक बसवून दिले. पूर्वीच्या तंजावर जिल्ह्यातील तिरुवारूरचा प्रचंड रथ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. सजविल्यावर त्याची उंची ९६ फूट आणि वजन सुमारे ३०० टन होते, असे सांगतात.

आता एक साधा हिशेब करून पाहावा. ३०० टनांचा रथ माणसाच्या चालीने, म्हणजे सेकंदाला एक मीटर या गतीने जात असेल, तर त्याची गतिज ऊर्जा दीड लाख ज्यूल भरते. उलट, १६०० किलो वजनाची मोटार ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिची ऊर्जा सुमारे चार लाख ज्यूल होते. रथाचे वजन मोटारीच्या जवळजवळ दोनशेपट, तरीही थोपवावयाची ऊर्जा मोटारीचीच अडीचपट! ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते खरी, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, यातच याचे रहस्य आहे. ही सारी ऊर्जा एका माणसाच्या पायाच्या दाबाने आवरावयाची आहे. साहजिकच त्या पायाला कोणाची तरी मदत हवी.

ही मदत दोन टप्प्यांनी मिळते. पहिला टप्पा पास्कलच्या नियमाचा. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. त्यामुळे मास्टर सिलिंडरच्या लहान दट्ट्यावर दिलेला जोर चाकाजवळच्या मोठ्या दट्ट्यावर अनेक पटींनी प्रकट होतो. दुसरा टप्पा बूस्टरचा, आणि ‘पॉवर ब्रेक’ हे नाव पडले ते याच्यामुळे. १९६४ सालच्या पाँटियॅक जी.टी.ओ.पासून अमेरिकेत ज्या दणकट इंजिनांच्या मोटारींचे युग सुरू झाले, त्यांपैकी अनेकींत तो बसविलेला आढळतो. बूस्टर म्हणजे पत्र्याचा एक गोल डबा. त्याच्या मधोमध रबरी पडदा ताणलेला असतो. पेट्रोलचे इंजिन आपल्या सेवन-नळीत हवा शोषून घेते, आणि त्या शोषणाने पडद्याच्या दोन्ही बाजूंस अंशतः निर्वात निर्माण होतो. पेडल दाबताच मागील बाजूची झडप उघडून बाहेरची हवा आत शिरते व पडद्याला पुढे ढकलते. थोडक्यात, चालकाच्या पायामागे वातावरण स्वतःच आपला खांदा लावते.

हा खांदा किती जोराचा असतो? २३ सेंटिमीटर व्यासाच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ४१५ चौरस सेंटिमीटर असते. इंजिन मंद चालत असता १८ इंच पाऱ्याइतका निर्वात मिळत असेल, तर पडद्यावर अडीचशे किलोंहून अधिक जोर पडतो. निर्वात १० इंचांवर घसरला, की हाच जोर दीडशे किलोंच्याही खाली येतो. दोष शोधताना हे दोन आकडे जवळ असावेत.

दोष शोधण्याच्या कामी पहिला नियम असा, की सुटे भाग बदलण्यापूर्वी पेडल काय सांगते ते ऐकावे. कडक पेडल आणि मऊ पेडल हे दोन भिन्न रोग आहेत. पेडल कडक लागून गाडी थांबत नसेल, तर बहुधा मदत हरवलेली असते. पेडल मऊ, स्पंजासारखे लागत असेल किंवा हळूहळू खाली जात असेल, तर द्रवाच्या मार्गात बिघाड असतो. या दुसऱ्या रोगावर नवा बूस्टर बसविणे म्हणजे पोटदुखीसाठी डोळ्यांत औषध घालणे होय.

बूस्टरच्या तीन परीक्षा गाडी सपाट जागी उभी ठेवूनच होतात. त्यास खर्च काही नाही. पहिली परीक्षा : इंजिन बंद ठेवून पेडल पाचसहा वेळा दाबावे, म्हणजे साठलेला निर्वात संपून ते कडक होईल. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन चालू करावे. पेडल किंचित खाली गेले, तर मदत येत आहे असे समजावे. तसूभरही हलले नाही, तर निर्वाताची नळी, एकमार्गी झडप किंवा पडदा यांपैकी एक निकामी आहे. दुसरी परीक्षा : इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावे व काही मिनिटांनी पेडल दाबावे. पहिले एकदोन दाब हलके लागावेत. पहिलाच दाब कडक लागला, तर एकमार्गी झडपेने निर्वात धरून ठेवलेला नाही किंवा डब्याला गळती आहे. तिसरी परीक्षा : इंजिन चालू असता पेडल दाबून धरावे, इंजिन बंद करावे आणि तीस सेकंद थांबावे. पेडल पायाला वर ढकलू लागले, तर बूस्टर हवाबंद राहिलेला नाही.

यांनंतर नळीकडे वळावे. जुनी रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसते, पण आतून फुगलेली किंवा शोषणाने चपटी होणारी असू शकते. एकमार्गी झडप काढून फुंकून पाहावी. हवा एकाच दिशेने गेली पाहिजे. पेडल दाबताच फुसकारा अखंड ऐकू येत असेल आणि इंजिनही अडखळत असेल, तर पडदा फाटल्याचा संशय बळावतो. नळी, झडप व डबा सारे निर्दोष असूनही मदत अपुरी पडत असेल, तर निर्वातमापक लावावा. शक्ती वाढविण्याच्या हौसेने इंजिनात उग्र कॅमशाफ्ट बसविलेला असेल, तर मंद गतीला निर्वातच कमी मिळतो. तेथे दोष बूस्टरचा नसून इंजिनाचा असतो. वेगळा निर्वात पंप जोडणे हा त्यावरचा एक उपाय.

द्रवाकडचे दोषही तसेच ओळखावेत. पेडल स्पंजासारखे असेल, तर नळ्यांत हवा शिरली आहे. ती काढून टाकावी. पेडल दाबून धरले असता सावकाश खाली जात असेल आणि बाहेर कोठेही गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतील रबरी वाट्या झिजल्या असाव्यात. टाकीतील ब्रेक ऑइल कमी होत जाते पण जमिनीवर थेंब पडत नाही, अशा वेळी ते सिलिंडरच्या मागच्या बाजूने बूस्टरमध्ये झिरपत नाही ना, हे पाहावे. ग्लायकॉलचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. कावेरीच्या मुखाकडील दमट प्रदेशात किंवा कोकणात तर ही गोष्ट विसरून चालणारच नाही. ओलाव्यामुळे ऑइलचा उत्कलनबिंदू उतरतो, लांब उतारावर ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि ऐन वेळी पेडल पोकळ लागते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलणे श्रेयस्कर.

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बूस्टर मदत करतो. ब्रेक लावतो तो द्रवच. मदत नाहीशी झाली, तरी ब्रेक नाहीसा झालेला नसतो. पेडल अतिशय जड होते, एवढेच. अशा प्रसंगी घाबरून पाय काढून घेऊ नये अथवा पुन्हा पुन्हा दाबून उरलासुरला निर्वात उधळू नये. दोन्ही पायांचा जोर लावून पेडल एकसारखे दाबून धरावे. आणि पेट्रोल वाचविण्यासाठी घाटाच्या उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून देण्याची जी सवय पुष्कळांना असते, ती तत्काळ टाकावी. इंजिन थांबताच निर्वात निर्माण होणे थांबते. डब्यात उरते ती एकदोन दाबांची पुंजी, आणि पुढची वळणे मात्र अनेक असतात.

दुरुस्तीसाठी गाडीखाली शिरण्यापूर्वी चाकांना पुढून व मागून पाचर लावावी. ब्रेक उघडलेला असताना गाडीला जागेवर धरून ठेवणारी तीच असते.