अभियंत्याची पुढची वाट : संशोधन की व्यवस्थापन?

(नांदे, तालुका मुळशी येथे शिक्षक, पंचायत सदस्य व पालक यांच्या मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



गेल्या महिन्यात या परिसरातील एक शेतकरी माझ्याकडे आले होते. त्यांचा मुलगा यंत्र अभियांत्रिकीचा पदवीधर. घराण्यातला पहिला अभियंता. एका कारखान्यात तीन वर्षे नोकरी केल्यानंतर त्याला पुढे शिकावयाचे होते. एका खाजगी संस्थेत एम.बी.ए.ला व्यवस्थापन कोट्यातून जागा मिळत होती. दुसरीकडे एक प्राध्यापक त्याला पीएच.डी.साठी मार्गदर्शन करावयास तयार होते. वडिलांनी मला एवढेच विचारले, "साहेब, रस्त्याकडेचे दहा गुंठे तेवढे राहिलेत. ते विकू का?"

मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे. यंत्रातले मला कळत नाही. परंतु हा प्रश्न यंत्राचा नव्हता, तो एका कुटुंबाच्या शेवटच्या जमिनीचा होता. म्हणूनच आज तो आपणा सर्वांपुढे ठेवीत आहे.

नांद्याचे स्थान या दृष्टीने मोठे बोलके आहे. येथून सूसमार्गे पाषाणला गेले की १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि २००६ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था लागते. शेजारी लवळ्याच्या टेकडीवर व्यवस्थापनाचे शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. दोन्ही वाटा आपल्या वेशीवरूनच जातात; पण कोणती कोठे नेते, याची माहिती मात्र आपल्या घरांत पोहोचलेली नाही.

दोन पदव्या, दोन कामे

पीएच.डी. म्हणजे एम.बी.ए.पेक्षा वरची पायरी, असा एक समज आहे. एम.बी.ए. म्हणजे हमखास मोठा पगार, असा दुसरा. दोन्ही अपुरे आहेत. पीएच.डी. करणारा एकच प्रश्न वर्षानुवर्षे धरून बसतो व त्याविषयी जगाला ठाऊक नसलेले काही शोधून काढतो. एम.बी.ए. झालेल्याला माणसे, पैसा, माल आणि बाजारपेठ यांची सांगड घालून काम पार पाडावयाचे असते. एकाला एकांत व चिकाटी हवी. दुसऱ्याला माणसांत रमणे आणि अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्याचे धैर्य हवे. मुलाचा स्वभाव यांपैकी कोणता, हे गुणपत्रिका सांगत नाही. ते त्याचे शिक्षक सांगू शकतात.

खर्चाचा हिशेब

संशोधन हे श्रीमंतांचे काम, असे आपण मानतो. वस्तुस्थिती बहुधा उलट आहे. राष्ट्रीय स्तरावरील कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. बार्टी, सारथी व महाज्योती या आपल्या राज्याच्या संस्थाही आपापल्या समाजघटकांतील पीएच.डी.च्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्के गुणांनी मिळविणाऱ्यास थेट पीएच.डी.च्या प्रवेशासाठी प्रयत्न करता येतो.

या वाटेची खरी किंमत पैशात नसून वर्षांत आहे. पीएच.डी.स किमान तीन वर्षे लागतात; पाच वर्षे लागणे नवलाचे नाही. तेवढ्या काळात बरोबरीचे मित्र पगारात पुढे जातात, घरचे लग्नाची घाई करतात आणि शेवटी प्राध्यापकाची जागा रिकामी असेलच, याची हमी कोणी देत नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापक होण्यास मात्र पीएच.डी. आवश्यक आहे.

एम.बी.ए. दोन वर्षांत पूर्ण होते. परंतु नामांकित भारतीय व्यवस्थापन संस्थांचे शुल्क वीस लाखांच्या पुढे गेले आहे. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून प्रवेश घेणाऱ्या पात्र विद्यार्थ्यास राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेची सवलत मिळू शकते. व्यवस्थापन कोट्यातील जागेस ती मिळत नाही. माझ्याकडे आलेल्या त्या गृहस्थांना ही एक गोष्ट कोणीही सांगितलेली नव्हती!

दोन उदाहरणे

डॉ. रघुनाथ माशेलकर गोव्यातील माशेलचे. बालपण मुंबईत गरिबीत गेले. त्यांनी १९६६ साली मुंबईत रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली, १९६९ साली डॉक्टरेट मिळविली आणि पुढे १९८९ साली ते पाषाणच्या त्याच प्रयोगशाळेचे संचालक झाले. अभियंत्याने संशोधनाची वाट धरली तर ती कोठवर जाते, याचे हे उदाहरण होय.

श्री. प्रमोद चौधरी हे मुंबईच्या आय.आय.टी.तून १९७१ साली यंत्र अभियंता झाले. आधी नोकरीचा अनुभव घेऊन त्यांनी १९८३ साली पुण्यात प्राज उद्योग सुरू केला. हा उद्योग इथेनॉलनिर्मितीची संयंत्रे उभारतो आणि त्याचे संशोधन केंद्र आपल्याच मुळशी तालुक्यात, उरवडे येथे आहे. एका उद्योगालाही संशोधक व व्यवस्थापक असे दोन्ही हात लागतात, हे त्यावरून ध्यानात यावे.

आपले कर्तव्य

पंचायत सदस्यांना माझी विनंती आहे की, शिष्यवृत्त्यांच्या व प्रवेश परीक्षांच्या तारखा ग्रामपंचायतीच्या फलकावर वेळेवर लावाव्यात. शिक्षकांनी माजी विद्यार्थ्यांस वर्षातून एकदा शाळेत बोलवावे. आपल्याच गावचा संशोधक किंवा व्यवस्थापक पाहिला म्हणजे मुलांना वाट दिसते. पालकांनी जमिनीचा सौदा करण्यापूर्वी मुलाला विचारावे, "सकाळी उठून रोज कोणते काम करावयास तुला आवडेल?" उत्तर ठाम नसेल तर आणखी एक-दोन वर्षे नोकरी करू द्यावी. दोन्ही दारे तेवढ्याने बंद होत नाहीत. विकलेली जमीन मात्र परत मिळत नाही.

त्या गृहस्थांना मी हेच सांगितले. दहा गुंठे अद्याप त्यांच्याच नावावर आहेत. मुलगा प्रवेश परीक्षेची तयारी करीत आहे आणि सुट्टीच्या दिवशी त्या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत जाऊन बसतो. निर्णय त्याचा त्यालाच घ्यावयाचा आहे. तो पुऱ्या माहितीनिशी घेतला जावा, एवढी जबाबदारी आपली.

जय हिंद! जय महाराष्ट्र!