नवें एंजिन आणि जुना हिशेबनीस

अमेरिकेंत जुन्या मोटारींची हौस बाळगणारीं माणसें पुष्कळ आहेत. गाडीचा सांगाडा आवडीचा, पण एंजिन थकलेलें, अशी स्थिति झाली म्हणजे तीं दुसऱ्या, अधिक नव्या गाडीचें एंजिन आणून जुन्या सांगाड्यांत बसवितात. जनरल मोटर्स कंपनीनें १९९७ सालच्या कॉर्व्हेट गाडींत प्रथम घातलेलें आठ सिलिंडरांचें एलएस जातीचें एंजिन या कामीं विशेष लोकप्रिय आहे. कारण तें आकारानें आटोपशीर, शक्तीनें भरपूर आणि मोडक्या गाड्यांच्या बाजारांत सहज मिळणारें आहे. महिनोन्महिने सुट्टीचे दिवस खर्चीं घालून एकादा हौशी गृहस्थ असें एंजिन बसवितो, चावी फिरवितो, आणि गाडी सुरू होण्याऐवजीं समोरच्या फलकावर पिंवळा दिवा तेवढा लागतो. दिव्याचा अर्थ वाचणारें उपकरण जोडलें कीं त्यावर एक अक्षर व चार आंकडे उमटतात. गृहस्थ त्यांचा अर्थ पुस्तकांत पाहतो, तेथें ज्या भागाचें नांव असेल तो भाग विकत आणतो व बदलतो. दिवा पुन्हां लागतो. दुसरा भाग येतो, दिवा तसाच. पैसा जातो, धीर सुटतो, आणि कित्येक गाड्या अशा रीतीनें अर्धवट स्थितींत वर्षानुवर्षें झांकून पडून राहतात.

वास्तविक या आंकड्यांची भाषा गूढ नाहीं. १९९६ सालच्या मॉडेलापासून अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या मोटारींस व हलक्या मालगाड्यांस दोष नोंदविण्याची एकच पद्धति सक्तीची झाली. पहिलें अक्षर ‘पी’ असलें तर दोष एंजिन अथवा गिअरबॉक्स यांच्या कक्षेंतला. पुढील आंकडा शून्य असेल तर तो संकेत सर्व कंपन्यांस समान. एक असेल तर त्या कंपनीचा खास. त्यानंतरच्या आंकड्यावरून खातें कळतें: १ व २ हे हवा आणि पेट्रोल यांचे, ३ हा ठिणगीचा, ४ हा धुराच्या शुद्धीकरणाचा, ५ हा वेगाचा व मंद चालीचा, ६ हा खुद्द संगणकाचा. भाषा कळणें सोपें आहे. बोलणाऱ्याची योग्यता किती, हें जाणणें अधिक महत्त्वाचें.

एंजिनाचा संगणक हा पेढीवरच्या हिशेबनिसासारखा आहे. त्याला एंजिन दिसत नाहीं. सेन्सरांकडून तारांवाटें येणारा विजेचा निरोप तेवढा त्याला कळतो. आणि तो निरोप आपल्या वहींत लिहिलेल्या अपेक्षेशीं जुळला नाहीं कीं तो शेरा मारतो. ‘ही नोंद जुळत नाहीं’ एवढाच त्या शेऱ्याचा अर्थ. व्यवहारच चुकला, कीं चिठ्ठी आणणाऱ्या गड्यानें वाटेंत घोटाळा केला, कीं वहीच दुसऱ्या पेढीची आहे, हें त्याला सांगतां येत नाहीं. कारखान्यांतून आलेल्या गाडींत वही आणि पेढी एकमेकींच्या असतात. म्हणून तेथें सेन्सर बिघडल्याचा संभव बराच असतो. एंजिन बदललेल्या गाडींत एंजिन एकीकडचें, तारा दुसरीकडच्या, टांकी आणि पंप तिसरीकडचे. अशा ठिकाणीं शंका प्रथम जुळणीवर घ्यावी आणि सेन्सरावर अगदीं शेवटीं घ्यावी.

याचें उत्तम उदाहरण क्रँकशाफ्टवरील दातेरी चक्राचें. हें चक्र फिरतांना जवळचा सेन्सर त्याच्या खुणा मोजतो आणि शाफ्ट कोणत्या क्षणीं कोठें आहे तें संगणकास कळवितो. ठिणगी केव्हां द्यावी व पेट्रोल केव्हां सोडावें हें त्यावर ठरतें. एलएस घराण्याच्या आरंभींच्या एंजिनांत या खुणा २४ होत्या. पुढील पिढींत त्या ५८ झाल्या. एंजिनें मात्र बाहेरून जवळजवळ सारखींच. २४ खुणांची वही बाळगणाऱ्या संगणकास ५८ खुणांचें एंजिन जोडलें तर स्टार्टर कितीहि फिरवा, एंजिन पेट घेत नाहीं, आणि पी ०३३५ किंवा पी ०३३६ असा क्रँकच्या सेन्सराकडे बोट दाखविणारा संकेत येऊं शकतो. मग सेन्सर तीनदां बदलला तरी फळ नाहीं. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचाच तो प्रकार. खरें काय तें सेन्सराचा रंगच सांगून जातो: २४ खुणांच्या एंजिनावर तो बहुधा काळा असतो, ५८ च्या एंजिनावर करडा. एंजिनास जुळणारा संगणक घेणें, किंवा ५८ खुणांचें २४ मध्यें रूपांतर करणारी पेटी मध्यें बसविणें, हे दोन मार्ग मोकळे असतात.

दुसरें उदाहरण चोरीवरच्या पहारेकऱ्याचें. एंजिन सुरू होतें आणि दोन-तीन सेकंदांत बंद पडतें. संगणक ज्या गाडींतून काढला तिच्यांत चावी ओळखणारा एक स्वतंत्र भाग होता, व ‘धनी आला आहे’ असा निरोप तो संगणकास देत असे. जुन्या सांगाड्यांत तो भागच नसतो. निरोप येत नाहीं, म्हणून संगणक पेट्रोलचे फवारे थांबवितो. अशा वेळीं पंप बदलणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं! संगणकाच्या आज्ञावलींतील ती अट जाणकाराकडून काढून घेणें हाच तेथें उपाय.

पांच-सहा संकेत एकदम आले म्हणजे माणूस घाबरतो; परंतु त्यांत दिलासाच आहे, कारण एकमेकांशीं संबंध नसलेले पांच सेन्सर एकाच दिवशीं सहसा बिघडत नाहींत. कारण एकच असावें, असें तेथें अनुमान करावें. अनेक सेन्सर एकाच ५ व्होल्टांच्या पुरवठ्यावर चालतात. एकाची तार तापलेल्या एक्झॉस्टच्या नळीस टेकून तिचें आवरण वितळलें, व ती धातूस भिडली, तर बाकीचेहि चुकीचे निरोप पाठवूं लागतात. एकेक सेन्सर सुटा करीत जावें. ज्याला सोडतांच पुरवठा पुन्हां ५ व्होल्टांवर येतो, त्याच्या वाटेवर दोष आहे. एंजिन व बॅटरीची ऋण बाजू यांना जोडणारी जाड पट्टी बसविण्याचें राहून जाणें, किंवा तिचा बोल्ट रंगावरच आवळणें, ही तर नित्याची चूक. मीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋण खांबास व दुसरें एंजिनाच्या उघड्या धातूस लावून स्टार्टर फिरवावा. अर्धा व्होल्ट किंवा अधिक दिसला तर ती जोडणी वाईट समजावी.

पी ०१७१ व पी ०१७४ हे संकेत एंजिनाच्या दोन्ही बाजूंस पेट्रोल कमी अथवा हवा जास्त झाल्याचें सांगतात. दोन्ही बाजू एकदम तक्रार करितात तेव्हां कारण दोघींना सामायिक असतें. कार्ब्युरेटरच्या काळचा पंप दर चौरस इंचास ४ ते ७ पौंडच दाब देतो. एलएस एंजिनास सुमारें ५८ पौंड लागतो. नवा पंप घातला तरी तो अशक्त निघाला किंवा गाळणी तुंबली तर हे संकेत उमटतात. हवा मोजणाऱ्या सेन्सराच्या पुढें नळींत फट राहिली, तरीहि न मोजलेली हवा आंत शिरते. उलट एकाच बाजूची तक्रार असेल तर त्या बाजूची एक्झॉस्टची नळी पाहावी. ऑक्सिजन सेन्सराच्या अलीकडे गळती असली तर बाहेरची हवा आंत ओढली जाते व सेन्सर फसतो.

म्हणून अनुभवी कारागीर संकेत आधीं कागदावर उतरून घेतो. संकेत उमटला त्या क्षणीं एंजिनाचे फेरे, पाण्याची उष्णता व भार किती होता याची नोंद संगणक राखून ठेवतो. संकेत पुसले कीं ती नोंदहि जाते. मग तो बॅटरी, ऋण जोडणी, ५ व्होल्टांचा पुरवठा, पेट्रोलचा दाब आणि हवेची गळती हीं क्रमानें तपासतो. सेन्सराचें दुकान त्याच्या यादींत शेवटीं येतें.

आणखी एक मोह या वाटेवर आडवा येतो. संगणकाच्या आज्ञावलींत फेरफार करून नकोसा संकेत कायमचा मुका करतां येतो. नव्या गाडींत स्वयंचलित गिअरबॉक्सच नसेल तर त्याची तक्रार बंद करणें म्हणजे वही दुरुस्त करणें होय. पण धूर शुद्ध करणारें साधन काढून टाकून पी ०४२० मुका करणें ही वहींतली लबाडी आहे, आणि तिचें मोल आसपास श्वास घेणाऱ्यांना द्यावें लागतें. कॅलिफोर्नियांत धूर-तपासणीच्या कक्षेंत येणाऱ्या गाडींत बसविलेलें एंजिन गाडीच्याच किंवा त्याहून नव्या सालचें असावें लागतें, त्याचीं धूर-शुद्धीचीं साधनें जागेवर असावीं लागतात, आणि गाडी नेमलेल्या पंचापुढें न्यावी लागते. तपासणीच्या आदल्या रात्रीं संकेत पुसूनहि भागत नाहीं. संगणकाची स्वतःची परीक्षा अपुरी आहे हें उपकरणावर तत्काळ दिसतें.

श्रोत्यांपैकीं कोणी अशा पिंवळ्या दिव्यापुढें हताश बसला असेल, तर त्यानें नवा भाग मागविण्यापूर्वीं दहा मिनिटें मीटर हातीं घ्यावा. वर्षभर झांकून पडलेली गाडी पुष्कळदां रंगाखालीं दडलेल्या एका बोल्टासाठींच अडलेली असते.