तुरुंगाची इमारत आणि मुलांचे सुधारगृह

(सिद्धेश्वर, जि. हिंगोली येथील भाषणाचा मजकूर)



पूर्णेवरील धरणाच्या या गावात मुंबईतील डोंगरीच्या एका जुन्या इमारतीविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु घर सोडून रेल्वेने मुंबई गाठलेली खेड्यातील मुले पोलिसांच्या हाती लागली की ज्या दारांतून आत जातात, त्यांपैकी एक दार तेथे आहे. ऊसतोडीसाठी मराठवाड्यातून दरसाल घरेच्या घरे बाहेर पडतात आणि मुलांची शाळा तुटते. तेव्हा हा प्रश्न इथलाही आहे.

डोंगरीच्या तुरुंगात १८८२ साली आगरकर आणि टिळक यांनी कोल्हापूर प्रकरणी १०१ दिवस काढले. आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिले, म्हणून तो तुरुंग महाराष्ट्राच्या स्मरणात राहिला. पुढे त्याच वास्तूत मुले ठेवण्यात येऊ लागली. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांचे दिवस मोजले गेले. मुलांचे दिवस कोणी मोजले?

या व्यवस्थेची मुळे १८५० च्या उमेदवारीच्या कायद्यापर्यंत जातात. धर्मादायावर वाढणारे अनाथ मूल आणि किरकोळ गुन्ह्यात सापडलेले मूल, दोघांनाही धंदा शिकण्यासाठी करारबद्ध करण्याची सोय त्यात होती. १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या देणगीने मुंबईतील उद्योगशाळा व सुधारगृह उभे राहिले. १८९७ च्या कायद्याने पंधरा वर्षांखालील मुलाला तुरुंगाऐवजी सुधारशाळेत, तीन ते सात वर्षांपर्यंत, ठेवता येऊ लागले. ज्या चोरीसाठी प्रौढाला काही महिन्यांची कैद होई, तीसाठी मुलाची वर्षे जात. दयेच्या नावाने शिक्षा लांबली, ती अशी.

१९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांसाठी स्वतंत्र न्यायालये व गृहे असावीत असे सांगितले. त्यानंतर १९२४ चा मुंबई बालक कायदा झाला आणि १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. राज्याचे मुख्यमंत्री या संस्थेचे पदसिद्ध अध्यक्ष. एवढे मोठे छत्र असूनही आतील स्थितीची चौकशी व्हावयास एका पत्रकार स्त्रीचे पत्र लागले. मानखुर्दच्या निरीक्षणगृहाविषयी शीला बर्से यांनी मुंबई उच्च न्यायालयाला पत्र लिहिले. मुलांना घरी पोहोचविण्यात विलंब होतो, दाखल झाल्यावर त्यांचा पाठपुरावा होत नाही, त्यांच्याकडून मोबदल्याविना काम घेतले जाते, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले. डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही संस्था राज्यसंस्थेसारखीच संविधानाला बांधील असल्याचे ठरविले आणि मुलांना निरीक्षणगृहात फार काळ ठेवू नये असे बजावले.

त्याच वर्षी झालेल्या बालन्याय कायद्याने ‘उपेक्षित’ आणि ‘अपराधी’ अशी दोन नावे केली. २००० च्या कायद्याने दोघांची गृहेही वेगळी केली. परंतु २०१५ च्या कायद्याने गंभीर गुन्ह्यांत सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची वाट उघडली. म्हणजे दीडशे वर्षांत मोठ्या कष्टाने तुरुंगापासून दूर नेलेले मूल पुन्हा त्याच दिशेला वळविले गेले.

या इतिहासाचा अर्थ एकच. उपासमार आणि अपराध यांतील भेद सरकारला सहजासहजी दिसला नाही. आणि भिंतीआड काय चालते ते बाहेरच्या माणसाने विचारल्याखेरीज उजेडात आले नाही. गृहांतील सर्वच कर्मचारी निर्दय असतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण चांगुलपणावर विसंबणारी व्यवस्था म्हणजे व्यवस्थाच नव्हे.

२०१५ च्याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यासाठी तपासणी समिती सांगितली आहे. तिच्यात किमान एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी असावा, आणि तीन महिन्यांतून एकदा तरी प्रत्येक गृहाची पाहणी व्हावी, असा दंडक आहे. तो दंडक पाळला जातो काय, समितीने काय पाहिले आणि पुढे काय झाले, हे विचारण्याचा अधिकार मुंबईच्या विद्वानांइतकाच सिद्धेश्वरच्या शेतमजुरालाही आहे. किंबहुना त्यालाच अधिक आहे. कारण भिंतीपलीकडचे मूल बहुधा त्याच्याच घरातले असते.