डिजिटल साक्षरतेचा पहिला धडा : संमती

वर्गातील डिजिटल साक्षरतेत तीन गोष्टी येतात : यंत्र हाताळता येणे, पडद्यावरचा मजकूर पारखता येणे आणि आपल्या व दुसऱ्याच्या माहितीचा मान राखता येणे. शिक्षकांच्या या अधिवेशनात त्या तिन्हींचा क्रमाने विचार केला आहे. भर तिसरीवर आहे, कारण तिची हेळसांड खुद्द शाळेनेच केली आहे.

यंत्र हाताळण्याचे शिक्षण बऱ्यापैकी झाले. 2001 मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या ‘एमएस-सीआयटी’ या अभ्यासक्रमाने संगणक तालुक्याच्या गावापर्यंत नेला. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या टाळेबंदीत शाळाच मोबाइलवर भरू लागली.

मजकूर पारखण्याची निकड 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे दिसली. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. त्याच वर्षी केरळातील कण्णूर जिल्ह्यात सरकारी शाळांमधून खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग घेण्यात आले. संदेश कोणाचा, कधीचा, फोटो मूळचा कुठला, हे विचारायची सवय मराठीच्या आणि इतिहासाच्या तासालाही लावता येते. त्यासाठी संगणक कक्षाचे कुलूप उघडण्याची वाट पाहावी लागत नाही.

तिसऱ्या गोष्टीत मात्र शाळा नापास आहे. गणवेश वाटला की फोटो, खिचडी वाढली की फोटो, वजन-उंची मोजली की फोटो. तो केंद्रशाळेच्या व्हॉट्सॲप गटावर जातो, तेथून तालुक्याच्या, पुढे देणगीदाराच्या फेसबुक पानावर. मुलांचे आधार कार्ड आणि बँकेचे पासबुकही अशाच गटांवर मागवले जाते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील व्यक्ती बालक मानली आहे आणि तिची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याचे तत्त्व घातले आहे. सायबर सुरक्षेची प्रतिज्ञा मुलांकडून वदवून घेणारी शाळा त्याच प्रतिज्ञेचा फोटो कोणालाही न विचारता पुढे पाठवते.

शाळेत मोबाइल असावा की नसावा, हा वाद प्रत्येक अधिवेशनात रंगतो. प्रस्तुत वक्त्याच्या दीर्घ अध्यापनकाळात त्याचा निकाल सहावीतल्या एका मुलीने लावला. गरजू विद्यार्थिनी म्हणून वह्या घेतानाचा तिचा फोटो गावभर फिरला. पुढच्या वाटपाला ती रांगेत आली, वह्या घेतल्या आणि कॅमेरा वर होताच त्या चेहऱ्यासमोर धरल्या. तिच्याकडे मोबाइल नव्हता. मोबाइल गुरुजींच्या हातात होता. मुलांच्या दप्तरातला मोबाइल काढून घेतल्याने हा प्रश्न सुटत नाही.

फोटो हा कामाचा पुरावा आहे, असे यावर उत्तर मिळते. वाटपाची नोंदवही, पालकाची सही आणि अधिकाऱ्याची प्रत्यक्ष भेट हेही पुरावेच आहेत. शिक्षकावर वरून दबाव असतो, हे खरे आहे. तरीही असा आदेश लेखी मागण्याचा अधिकार शिक्षकाला आहे आणि संघटनेने त्याच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. पगार आणि बदल्यांसाठी रस्त्यावर उतरणाऱ्या संघटनांनी मुलांच्या चेहऱ्यासाठी एक निवेदनही देऊ नये, हे सहन करण्यासारखे नाही.

वर्गात हा धडा सोप्या रीतीने देता येतो. फोटोआधी तो कशासाठी आणि कोण पाहणार, हे सांगावे. ‘नको’ म्हणणाऱ्या मुलाला कारण न विचारता बाजूला बसू द्यावे. काढलेला फोटो मुलांना दाखवावा आणि कोणी सांगितल्यास तिथेच पुसावा. ज्या मुलाचे ‘नको’ वर्गात ऐकले जाते, ते मूल दुसऱ्याचा फोटो पाठवण्यापूर्वी विचारायला शिकते. समाजमाध्यमांवरच्या छळाविषयी वेगळे व्याख्यान त्यानंतर द्यावे.

संमतीपत्राचा मराठी नमुना, गटांवर काय टाकू नये याची यादी आणि शिक्षक प्रशिक्षणात यासाठी काही तास, ही कामे या अधिवेशनाने हाती घ्यावीत. तपशील कार्यकारिणीने ठरवावा. संमतीचा नियम मात्र उद्याच्या परिपाठापासून प्रत्येक शाळेला लागू करता येतो. त्यासाठी कोणत्याही निधीची आणि शासन निर्णयाची गरज नाही.