दुसऱ्या-चौथ्या मात्रेचा वादक : अर्ल पामर (अध्यक्षीय भाषण)

अर्ल पामर यांचे हात ड्रमवर बसण्याच्या कितीतरी आधी त्यांचे पाय लयीत बसले होते. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये त्यांचा जन्म झाला आणि त्याच शहरातल्या ट्रेमे या कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीत ते वाढले. आई आणि मावशी व्हॉडव्हिलच्या रंगमंचावर नाचत असत. पाच वर्षांचे असल्यापासून अर्लही त्यांच्यासोबत टॅप डान्स करू लागले आणि पुढे ब्लूज गायिका आयडा कॉक्स यांच्या कंपनीबरोबर गावोगाव फिरले. टॅप डान्समध्ये बुटाच्या तळाला धातूच्या पट्ट्या असतात, त्यामुळे नर्तक जितका दिसतो तितकाच ऐकूही येतो. गाणाऱ्याचा शब्द कुठे संपतो, टाळी कुठे पडते, हशा ओसरल्यावर पुढचे पाऊल कधी टाकायचे, हे शिक्षण त्यांना वर्गात बसून मिळाले नाही. ते रोजच्या खेळातून अंगात मुरत गेले.

दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात होते. अमेरिकेच्या सैन्यात तेव्हा वर्णभेद पाळला जाई आणि कृष्णवर्णीय सैनिकांना बहुधा आघाडीमागची कामे दिली जात. पामर यांच्याकडे युरोपात दारूगोळा हाताळण्याचे काम होते. परतल्यावर त्यांनी न्यू ऑर्लिन्सच्या एका संगीतशाळेत तालवाद्यांचे आणि पियानोचे रीतसर शिक्षण घेतले, मुख्य म्हणजे स्वरलेखन वाचायला शिकले. त्यांच्या चरित्रातल्या या दोन-तीन वर्षांवर लिहिणारे फारसे रेंगाळत नाहीत, पण त्यांच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या कामाचा पाया इथेच पडला. कानावर वाजवणारे उत्तम वादक त्या शहरात गल्लोगल्ली होते. समोर ठेवलेला कागद पहिल्याच नजरेत वाजवू शकणारे मोजकेच होते.

१९४७ पासून पामर ट्रंपेटवादक डेव्ह बार्थोलोम्यू यांच्या बँडमध्ये वाजवू लागले. मनाने ते जॅझचेच होते. बीबॉपची ओढ होती आणि रात्रीचे ठरलेले काम संपले की मित्रांबरोबर तेच वाजवायचे. पोट मात्र ऱ्हिदम अँड ब्लूजवर चाले. नॉर्थ रॅम्पार्ट स्ट्रीट आणि ड्यूमेन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर कॉझिमो मटासा यांचे दुकान होते. पुढे रेकॉर्ड आणि घरगुती उपकरणे विकली जात, मागच्या खोलीत ध्वनिमुद्रण चाले. खोली लहान आणि माइक मोजके. गायक, सॅक्सोफोन, पियानो, बेस, ड्रम सगळे एकाच वेळी वाजवणार. एकाचे चुकले की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. अशा जागी ड्रमवादकाचा जोर किंचित वाढला तरी गायक बुडतो.

डिसेंबर १९४९ मध्ये फॅट्स डॉमिनो यांचे ‘द फॅट मॅन’ याच खोलीत मुद्रित झाले. त्यात पामर यांनी जे केले ते या परिषदेतल्या तबलजींना चटकन उमगेल. चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर ड्रमवर ठसठशीत आघात, याला बॅकबीट म्हणतात. न्यू ऑर्लिन्सच्या पारंपरिक जॅझमध्ये हा आघात राखून ठेवलेला असे. गाणे शेवटच्या फेरीला आले, सगळी वाद्ये एकदम पेटली की मगच ड्रमवादक तो बाहेर काढी. पामर यांनी शेवटच्या फेरीची ही चीज उचलली आणि पहिल्या मात्रेपासून अखेरपर्यंत लावली. बॅकबीट त्यांनी शोधून काढला असे म्हणणे चुकीचे ठरेल. आधीपासून वाजणाऱ्या एका आघाताची जागा त्यांनी बदलली, आणि त्याने गाण्याचा सगळा तोलच बदलला.

त्यांचे दुसरे काम अधिक सूक्ष्म आहे. तोवरचे ऱ्हिदम अँड ब्लूज बहुतेक शफलमध्ये चाले: प्रत्येक मात्रेचे तीन भाग करायचे, मधला गाळायचा आणि उरलेल्या दोघांवर झुलत जायचे. आपल्याकडच्या तिस्र जातीच्या झोक्याशी ही चाल जवळची आहे. सप्टेंबर १९५५ मध्ये लिटल रिचर्ड ‘टुटी फ्रुटी’साठी मटासांच्या खोलीत आले. त्यांचा उजवा हात पियानोच्या पट्ट्यांवर मात्रेचे दोन समान भाग करत सरळ आपटत होता. खाली झोका आणि वर सरळ ठोके, अशी ओढाताण फार वेळ टिकणारी नव्हती. पामर शफल सोडून त्या उजव्या हाताला जाऊन मिळाले. रॉक अँड रोलचा ठेका म्हणून पुढे जगभर जे वाजू लागले ते आपण त्या हाताशी जमवून घेताना वाजवू लागलो, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. नवे काही घडवण्याचा आव त्यात नव्हता. पियानोवाल्याकडे त्यांचे लक्ष होते. ‘लाँग टॉल सॅली’ आणि ‘लुसिल’मध्ये ही सरळ चाल पुरती स्थिरावलेली ऐकू येते. प्रोफेसर लाँगहेअर यांच्या १९५३ च्या ‘टिपिटिना’त मात्र त्याच वादकाच्या हातात न्यू ऑर्लिन्सच्या मिरवणुकीची आणि रुंब्याची डुलती चाल आहे. हे दोन्ही ठेके लागोपाठ ऐकावेत.

१९५७ मध्ये पामर लॉस एंजेलिसला गेले. कामाचा पैस तिथे मोठा होता आणि लुइझियानातल्या वर्णभेदी कायद्यांचा जाचही मागे पडत होता. शाळेत शिकलेले वाचन आता कामी आले. सकाळी जाहिरातीचे संगीत, दुपारी चित्रपटाचा मोठा वाद्यवृंद, रात्री किशोरवयीन गायकाचे गाणे, असे दिवस भरू लागले. १९५८ मध्ये रिची व्हॅलेन्स यांचे ‘ला बांबा’ आणि एडी कॉक्रन यांचे ‘समरटाइम ब्लूज’, १९६४ मध्ये रायचस ब्रदर्सचे ‘यू हॅव लॉस्ट दॅट लव्हिन फीलिन’, या सगळ्यांत ड्रमवर पामरच आहेत. ज्या वादकांच्या गटाला पुढे ‘रेकिंग क्रू’ म्हटले जाऊ लागले, त्यात ड्रमवादक हॅल ब्लेन यांच्याबरोबरीने त्यांचे नाव घेतले जाते.

सत्रवादकाला संघटनेच्या ठरलेल्या दराने तीन तासांच्या सत्राचे पैसे मिळत. रेकॉर्ड लाखोंनी खपली तरी त्यात भर पडत नसे, आणि वेष्टणावर नाव छापण्याची रीत नव्हती. ही रीत अन्यायाची होती, आणि ‘तेव्हा तसेच चालायचे’ एवढ्यावर ती सोडून देता येत नाही. पामर स्वतः वादकांच्या संघटनेत उतरले. १९८२ मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘लोकल ४७’ शाखेचे खजिनदार म्हणून निवडून आले.

वाजवणे थांबले नव्हतेच. टॉम वेट्स यांच्या १९७८ च्या ‘ब्लू व्हॅलेंटाइन’मध्ये ते आहेत, एल्विस कॉस्टेलो यांच्या १९८६ च्या ‘किंग ऑफ अमेरिका’तही. उतारवयात लॉस एंजेलिसमध्ये छोट्या संचासह ते पुन्हा जॅझ वाजवत, तरुणपणी रात्री काम आटोपल्यावर वाजवायचे तेच. १९९९ मध्ये टोनी शर्मन यांनी त्यांच्याच बोलीत शब्दबद्ध केलेले ‘बॅकबीट’ हे चरित्र आले. २००० मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने साथीदार वादकांसाठी पहिल्यांदाच वेगळा विभाग उघडला. त्यातल्या पहिल्या पाचांत पामर आणि ब्लेन दोघेही होते. १९ सप्टेंबर २००८ रोजी कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग इथे पामर यांचे निधन झाले.

मटासांचे दुकान कधीच बंद झाले. त्या जागेत पुढे कपडे धुण्याची यंत्रे बसली. २०१० मध्ये हॉल ऑफ फेमने त्या इमारतीला ऐतिहासिक स्थळ म्हणून मान दिला. उंबऱ्यापाशी फरशीत बसवलेली जुन्या दुकानाच्या नावाची अक्षरे तिथे तशीच राहिली होती.