मद्यपाशांतून सुटका आणि आपला धर्मग्राम
(महोत्सवी सभेंत दिलेलें भाषण)



मोशेच्या नियमशास्त्रांत पन्नासावें वर्ष हें ज्युबिलीचें वर्ष होतें. त्या वर्षीं दास्यांत पडलेल्यानें मोकळें होऊन आपल्या कुटुंबाकडे परत जावें, असा दंडक होता. म्हणून आजच्या आनंदाच्या प्रसंगीं आपल्यांतीलच एका दास्याविषयीं दोन शब्द बोलावे, असें मीं योजिलें आहे. तें दास्य दारूचें.

हें दुःख आपल्या वस्तींत कोणास ठाऊक नाहीं? पगार घरीं पोंचत नाहीं. मुलें फी मागावयास भितात. शेजारी ऐकून न ऐकल्यासारखें करतात. उपवासकाळांत तो गृहस्थ क्रूसासमोर शपथ घेतो, आणि ईस्टर उलटतांच ती मोडते. आपण म्हणतों, "याला लाजच नाहीं." खरें पाहतां लाज त्याला पुष्कळ असते, तिच्याच ओझ्याखालीं तो पुन्हां पेल्याकडे वळतो. वैद्यकशास्त्र या व्यसनास आज आजार मानतें. आजार केवळ शपथेनें बरा होत नाहीं.

मग कायद्यानें होईल काय? शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत १९७५ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलींत १९९३ पासून. चंद्रपुरांत ती २०१५ सालीं आली आणि २०२१ सालीं उठली. बंदीचें मोल मी कमी लेखीत नाहीं. पण आपल्या नागपुरांत दुकानें उघडीं आहेत, आणि त्यांच्यावरूनच त्या माणसाला रोज संध्याकाळीं घरीं यावें लागतें. त्या वेळीं त्याला सोबत पाहिजे, आणि ती सोबत त्याच वाटेनें गेलेल्या माणसाची पाहिजे.

या सोबतीचा शोध कसा लागला, तें ऐका. १९३५ सालच्या मे महिन्यांत बिल विल्सन नांवाचा एक अमेरिकन गृहस्थ अ‍ॅक्रन शहरीं एका हॉटेलांत एकटाच होता. दारू सोडून त्याला थोडेच महिने झाले होते. हातीं घेतलेलें काम फसलें होतें, आणि जवळच बार होता. दुसऱ्या एखाद्या मद्यासक्ताशीं बोललों तरच आपण वांचूं, असें त्याच्या मनानें घेतलें. त्यानें एका अनोळखी पाळकाला टेलिफोन केला. पाळकानें त्याला हंसण्यावारीं न नेतां कांहीं नांवें दिलीं. त्या धाग्यानें तो डॉक्टर बॉब स्मिथ यांच्यापर्यंत पोंचला. १० जून १९३५ हा डॉक्टरांच्या अखेरच्या घोटाचा दिवस. तोच 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस', म्हणजे 'ए. ए.' या बंधुसंघाचा स्थापनादिन मानतात.

पुढें १९३९ पासून त्याच शहरांतील सेंट थॉमस हॉस्पिटलांत सिस्टर इग्नेशिया यांनीं अशा रोग्यांना आसरा दिला. भारतांत हा बंधुसंघ १९५७ सालीं मुंबईस आला. १९८१ सालीं वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आश्रयानें फादर जो परेरा यांनीं 'कृपा फाउंडेशन' सुरू केलें, आणि १९८६ सालीं पुण्यास डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं 'मुक्तांगण' उभारलें.

ए. ए. च्या सभेंत काय चालतें? फी नाहीं, उपदेश नाहीं, आडनांवाची चौकशी नाहीं. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. एकानें आपली हकीकत सांगावी, इतरांनीं ऐकावी, आणि फक्त आजचा दिवस दारूवांचून काढण्याचा निश्चय करावा. ही सभा कोणत्याहि पंथाची नव्हे. तेथें गेल्यानें श्रद्धेला बाध येत नाहीं. पापनिवेदनांत क्षमा मिळते. सभेंत उद्यांच्या संध्याकाळची सोबत मिळते. दोन्हींची गरज आहे.

नागपुरांतहि ए. ए. च्या सभा भरतात. पत्ता हवा असल्यास संघाच्या मुंबईच्या कार्यालयाकडे विचारावें, किंवा सरकारच्या १४४४६ या मोफत व्यसनमुक्ति-क्रमांकावर फोन करावा. घरच्यांसाठीं 'अल-अ‍ॅनॉन' हा निराळा संघ आहे. नवरा येवो न येवो, पत्नीनें त्याची चौकशी करावी. मात्र एक इशारा ध्यानांत ठेवा: पुष्कळ वर्षें रोज पिणाऱ्यानें एकाएकीं दारू तोडली, तर झटके येऊन किंवा भ्रम होऊन जीव धोक्यांत येऊं शकतो. म्हणून आधीं मेडिकलच्या मानसोपचार विभागांत किंवा ओळखीच्या डॉक्टरांकडे जावें, मग सभेला. आणि पहिल्या सभेला मन लागलें नाहीं, तरी दुसरीस व तिसरीस जावें.

आतां आपल्या धर्मग्रामाचें कर्तव्य. अ‍ॅक्रनच्या त्या पाळकानें फारसें कांहीं केलें नाहीं. विचारलें तेव्हां उत्तर दिलें, एवढेंच. आपल्या दारीं उद्यां कोणी विचारील, तर उत्तर देणारा कोणी आहे काय? माझी विनंति तीन गोष्टींची आहे. सभेचा वार, वेळ व ठिकाण चर्चच्या सूचनाफलकावर कायमचें लावावें, म्हणजे कोणास तोंड उघडून विचारावें लागणार नाहीं. संघानें मागितल्यास आठवड्यांतून एक संध्याकाळ एक खोली त्यास द्यावी, आणि तो देईल तें माफक भाडें घ्यावें. कारण स्वतःच्या खर्चानें चालणें हा त्या संघाचा नियमच आहे. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड: त्या खोलींत कोण जातो, याची चर्चा मिस्सेनंतर अंगणांत करूं नये.

लाजरसाला प्रभूनें थडग्यांतून बाहेर बोलाविलें, परंतु त्याच्या हातापायांचीं बंधनें सोडण्याचें काम मात्र भोंवतीं उभ्या असलेल्या लोकांवर सोंपविलें. जीव देणें प्रभूकडे. गांठी सोडणें आपणांकडे. या ज्युबिलीच्या वर्षीं आपल्यांतील एक जरी माणूस मोकळा होऊन आपल्या कुटुंबाकडे परत गेला, तरी हा महोत्सव शास्त्राप्रमाणें साजरा झाला, असें मी समजेन.